एकाच साच्यातल्या गाड्या, वेगवेगळ्या रांगा: बीएमडब्ल्यू एम१ प्रोकार, १९७९

१९७९ साली फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाच्या नऊ शर्यती युरोपात झाल्या. त्यांपैकी आठ ठिकाणी, सहसा मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, त्याच ट्रॅकवर आणखी एक शर्यत होत असे, आणि तिच्यात उतरणारी प्रत्येक गाडी बीएमडब्ल्यू एम१ असे. ही प्रोकार मालिका. एकाच बनावटीच्या गाड्यांच्या मालिकांमागे साधारणपणे एक साधे आश्वासन असते: यंत्र सर्वांना सारखे मिळेल, मग जो जिंकेल तो चालवण्याच्या कौशल्यावर जिंकेल. प्रोकारचा पहिला हंगाम हे आश्वासन तपासून पाहण्यासाठी फार सोयीचा आहे, कारण त्यात गाड्या खरोखरच सारख्या होत्या, पण गाडीभोवतीच्या जवळजवळ सगळ्याच गोष्टी असमान होत्या, आणि ती असमानता नियमांत उघडपणे लिहिलेली होती.

एम१ ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार, त्यामुळे तिला काटेकोर अर्थाने टूरिंग कार, म्हणजे नेहमीच्या प्रवासी गाडीवरून घडवलेली शर्यतीची गाडी, म्हणता येणार नाही. तरीही या प्रकरणात जे प्रश्न उभे राहतात, म्हणजे गाड्या कोणी तयार करायच्या, चालक कोणी निवडायचे, सुरुवातीची रांग कशी लावायची आणि गुण कसे द्यायचे, ते कोणत्याही देशातल्या राष्ट्रीय एकबनावटी मालिकेसमोर तसेच्या तसे येतात. फरक इतकाच की इथे नावे मोठी होती आणि पैसाही मोठा होता.

गाडी आधी, मालिका नंतर

ही मालिका कोणी क्रीडाप्रेमापोटी आखलेली नव्हती. ती एका अडचणीतून निघालेली वाट होती, आणि अडचण समजल्याशिवाय पुढचे नियम समजत नाहीत.

बीएमडब्ल्यूच्या मोटरस्पोर्ट विभागाचे प्रमुख यॉखेन नेअरपाश यांना पोर्शच्या ९३५ ला तोंड देणारी गाडी हवी होती. टूरिंग गाड्यांत त्यांची ३.० सीएसएल युरोपीय विजेतेपदे मिळवत होती, पण ग्रुप ५ या शर्यतीच्या गाड्यांच्या वर्गात पोर्शसमोर पुढच्या बाजूला इंजिन असलेल्या जुन्या रचनेचा निभाव लागणे कठीण होते. म्हणून चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेली नवी गाडी ठरली. पाउल रोशे यांनी साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, चोवीस व्हॉल्व्हचे इंजिन तयार केले. रस्त्यावरच्या गाडीत ते २७७ अश्वशक्ती देई, तर शर्यतीच्या रूपात मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या आसपास सुमारे ४७० अश्वशक्ती. बाह्यरूप जॉर्जेत्तो जुजारो यांचे होते. बांधणीचे काम इटलीतल्या लॅम्बोर्गिनीकडे सोपवले होते.

घोडे अडले ते इथेच. लॅम्बोर्गिनी तेव्हा आर्थिक संकटात होती, काम पुढे सरकेना आणि १९७८ मध्ये बीएमडब्ल्यूला करार मोडावा लागला. मग सांगाडा एकाकडे, फायबरग्लासची बॉडी दुसऱ्याकडे, जोडणी इटालडिझाइनकडे आणि पुढचे काम जर्मनीत श्टुटगार्टच्या बाउर या कंपनीकडे अशी लांबलचक साखळी उभी राहिली. गाडी १९७८ च्या शरद ऋतूत पॅरिसच्या मोटर शोमध्ये लोकांसमोर आली खरी, पण ग्रुप ४ या वर्गाची मान्यता मिळवण्यासाठी दोन वर्षांत ४०० गाड्या बांधणे आवश्यक होते आणि या साखळीतून तेवढ्या गाड्या वेळेत बाहेर पडण्याची चिन्हे नव्हती. मान्यता नाही म्हणजे ज्या स्पर्धेसाठी गाडी घडवली तिच्यातच प्रवेश नाही.

नेअरपाश यांनी काढलेला तोडगा धीट होता. दुसऱ्याच्या स्पर्धेत जाता येत नसेल तर आपलीच स्पर्धा उभी करायची, जिच्यात एम१ सोडून दुसरी गाडीच नसेल. मग मान्यतेचा प्रश्नच उद्भवत नाही. फॉर्म्युला वन संघांच्या संघटनेचे सूत्रधार मॅक्स मोझली आणि बर्नी एकलस्टन यांच्यामार्फत त्या संघटनेशी बोलणी झाली आणि युरोपातल्या शर्यतींच्या शनिवारी जागा मिळाली. संघटनेला आठवड्याअखेरीच्या कार्यक्रमात भर मिळाली, बीएमडब्ल्यूला भरलेली प्रेक्षागृहे मिळाली, आणि ज्यांनी शर्यतीची एम१ विकत घ्यावी अशी अपेक्षा होती त्या खासगी संघांना ती कुठेतरी पळवण्याची हमी मिळाली. हे तिसरे कारण सहसा मागे पडते. माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे होते, कारण पळवायला ट्रॅकच नसलेली गाडी कोणता संघ विकत घेईल?

शनिवारची रांग

शर्यतीच्या गाड्या मुख्यतः तीन ठिकाणी तयार झाल्या: म्युनिकमध्ये खुद्द बीएमडब्ल्यू मोटरस्पोर्टकडे, इंग्लंडमध्ये रॉन डेनिस यांच्या प्रोजेक्ट फोरकडे आणि इटलीत ओसेल्लाकडे. वजन हजार किलोच्या थोडे वर, रुंद केलेले फेंडर, मागे मोठा पंख, पाच गतींचा झेडएफ गिअरबॉक्स आणि गुडइयरचे टायर. सरळ रस्त्यावर ही गाडी ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जाई. कोणाच्या गाडीत जास्त ताकद, कोणाच्या गाडीत जास्त पकड, हा वाद तत्त्वतः संपलेला होता.

वाद सुरू होई तो रांगेपाशी. प्रत्येक शर्यतीत कारखान्याच्या पाच गाड्या राखून ठेवलेल्या असत. शुक्रवारच्या फॉर्म्युला वन सरावात जे पाच चालक सर्वांत वेगवान ठरत, त्यांना या पाच गाड्या मिळत, आणि एम१ मध्ये त्यांची वेळ काहीही लागो, रांगेतल्या पहिल्या पाच जागा त्यांच्याच असत. बाकीचे चालक, म्हणजे खासगी संघांचे नियमित स्पर्धक, आपापसांत पात्रता फेरी खेळून सहाव्या जागेपासून मागे उभे राहत. त्यांच्यातला सर्वांत वेगवान चालक सरावात सगळ्यांना मागे टाकूनही सहावाच.

नियमाचा हेतू लपलेला नव्हता. रविवारी ज्यांना पाहायला लोक येणार होते तेच चेहरे शनिवारी पुढच्या रांगेत दिसावेत आणि ते सगळे एकाच कंपनीच्या गाडीत दिसावेत, ही जाहिरातीची उत्तम कल्पना होती. पहिल्या तिघांना अनुक्रमे ५,०००, ३,००० आणि १,००० डॉलर मिळत, आणि हंगामाच्या विजेत्याला रस्त्यावर चालवायची एक एम१. फॉर्म्युला वन चालकांना आदल्या दिवशी दुसऱ्याच गाडीत बसून बंपरला बंपर लावायची मोकळीक त्यांच्या संघांनी दिली, हे आजच्या करारांच्या जमान्यात अविश्वसनीय वाटते.

पण 'सर्वांत वेगवान पाच' ही अट कागदावर होती तशी ट्रॅकवर उतरली नाही. एम१ गुडइयरच्या टायरवर धावत होती, तर फेरारी आणि रेनॉ हे दोन्ही संघ मिशेलिन या दुसऱ्या टायर कंपनीशी बांधलेले होते. त्यामुळे त्यांचे चालक प्रोकारमध्ये उतरू शकले नाहीत. ही तळटीप वाटते, परंतु १९७९ चा फॉर्म्युला वन हंगाम समोर ठेवला की तिचे वजन कळते. त्या वर्षीचा विश्वविजेता जोडी शेक्टर फेरारीचा होता, दुसरा आलेला जिल विल्नव फेरारीचाच. ज्या आठ ठिकाणी प्रोकारची शर्यत झाली, तिथल्या फॉर्म्युला वन पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत वेगवान चालकाला मिळणाऱ्या रांगेतल्या पहिल्या जागा, पाहिल्या तर मोनॅकोत शेक्टर, दिजाँ, हॉकेनहाइम आणि मोंझा येथे रेनॉचा झाँ-पिएर जाबुई, ऑस्टररायशरिंग आणि झान्डव्होर्ट येथे रेनॉचाच रेने आर्नू. म्हणजे आठांपैकी सहा ठिकाणचा सर्वांत वेगवान चालक शनिवारच्या रांगेत असूच शकत नव्हता. उरलेल्या दोन जागा झोल्डरला झाक लाफितच्या आणि सिल्व्हरस्टोनला ॲलन जोन्सच्या. दिजाँला तर रविवारी जाबुई पहिला, विल्नव दुसरा आणि आर्नू तिसरा आला, आणि विल्नव-आर्नू यांच्या शेवटच्या फेऱ्यांतल्या झटापटीची आठवण आजही काढली जाते. त्या व्यासपीठावरच्या तिघांपैकी एकही आदल्या दिवशी एम१ मध्ये नव्हता. टायरच्या करारासारखी बाहेरची बाब मालिकेच्या केंद्रस्थानी असलेला निकष इतका पोकळ करू शकते, हे मालिका आखणाऱ्यांनी गृहीत धरलेले दिसत नाही.

निकाल काय सांगतात

पहिल्या पाच जागा राखीव असल्याने विजयही तिथूनच येतील अशी अपेक्षा कोणीही केली असती. हंगाम तसा गेला नाही. झोल्डरची पहिली शर्यत एलिओ दे आंजेलिसने जिंकली. मोनॅकोत निकी लाउडा, दिजाँला नेल्सन पिके, सिल्व्हरस्टोन आणि हॉकेनहाइमला पुन्हा लाउडा, ऑस्टररायशरिंगवर लाफित, आणि झान्डव्होर्ट व मोंझा या शेवटच्या दोन्ही शर्यती हान्स-योआखिम श्टुकने. यांत पिके आणि लाफित यांचे विजय कारखान्याच्या गाड्यांतले. लाउडा मात्र प्रोजेक्ट फोरच्या गाडीत होता आणि श्टुक कासानी संघाच्या. आठांपैकी पाच शर्यती या दोघांनी वाटून घेतल्या, तेही राखीव पाच गाड्यांच्या मागून सुरुवात करून.

याची कारणे शोधताना मला गाडीपेक्षा गाडीभोवतीच्या माणसांकडे पाहावेसे वाटते. कारखान्याच्या गाडीत बसणारा चालक शुक्रवारी संध्याकाळी ठरे. त्याचे सारे लक्ष रविवारच्या शर्यतीवर आणि आपल्या स्वतःच्या एकआसनी गाडीच्या दुखण्यांवर असे. एम१ त्याच्यासाठी तासाभराची पाहुणी. आसनाचा कोन, पेडलचे अंतर, ब्रेकचा पुढचा-मागचा तोल, मागच्या पंखाचा कल, टायर किती फेऱ्यांनी सैल पडतात याचा अंदाज, या गोष्टी एका शनिवारी जमत नाहीत. शिवाय फॉर्म्युला वन गाडीतून उतरून हजार किलोच्या, छत असलेल्या गाडीत बसले की ब्रेक मारण्याची जागा बदलते, वळणात शिरण्याची रेषा बदलते, आणि खिडकीबाहेर चिकटून धावणारी गाडी ही कायमची बाब होते. प्रोजेक्ट फोरचे यांत्रिक मात्र एकाच चालकासाठी तीच गाडी पंधरवड्यामागून पंधरवडा तयार करत होते. गाडी सारखी असली तरी तिच्याशी झालेली ओळख सारखी नव्हती.

मोनॅको हे याचे चांगले उदाहरण आहे. तेव्हाचा ट्रॅक ३.३ किलोमीटरचा, दोन्ही बाजूंना रेलिंग, आणि फेंडर रुंद केलेली एम१ फॉर्म्युला वन गाडीसारखी उघड्या चाकांची नाही, त्यामुळे तिचा कोपरा नेमका कुठे संपतो हे चालकाला नजरेने दिसत नाही, सवयीने ठाऊक असावे लागते. चाकाची कड डोळ्यांसमोर ठेवून वळण कापणाऱ्या एकआसनी चालकाची ही मोठीच अडचण. पुढे जायला जागा जवळजवळ नसलेल्या या ट्रॅकवर राखीव रांगेचा फायदा सर्वाधिक मिळायला हवा होता, आणि तरी तिथे जिंकला तो नियमित गाडीतला लाउडा.

लाउडाचे उदाहरण एकबनावटी शर्यतीच्या बाजूनेही बोलते, हे मान्य करायला हवे. त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये तो ब्रॅबम संघाकडे होता आणि अल्फा रोमिओ इंजिनाच्या सततच्या बिघाडांमुळे त्याच्या खात्यात हंगामभरात अवघे चार गुण पडले. त्या गुणतक्त्यावरून त्याला मोजणाऱ्याला वाटावे की दोन वेळचा विश्वविजेता संपला. त्याच आठवड्याअखेरींना, त्याच ट्रॅकवर, सर्वांइतकीच गाडी हातात मिळाल्यावर तो तीन शर्यती जिंकतो आणि विजेतेपद घेतो. यंत्राचा फरक काढून टाकला की काय दिसू शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. सप्टेंबरच्या अखेरीस कॅनडात सरावाच्या मध्येच तो फॉर्म्युला वन सोडून निघून गेला. त्या वर्षीचा तो विजेता होता तो एम१ चा.

गुणांची रचना

पहिल्या दहा जणांना २०, १५, १२, १०, ८, ६, ४, ३, २, १ असे गुण मिळत. या मांडणीत सातत्याला चांगला भाव आहे: दोनदा तिसरा येणारा चालक एकदा जिंकणाऱ्यापेक्षा चार गुणांनी पुढे जातो. आता याला शुक्रवारच्या निवडीशी जोडून पाहावे. कारखान्याच्या गाडीत बसलेला पाहुणा पुढच्या शर्यतीत तिथे असेलच याची खात्री नाही, तर खासगी संघाचा चालक आठही ठिकाणी हजर राहू शकतो. म्हणून पहिल्या पाच जागांचा हक्क ज्यांना दिला होता त्यांच्या हाती विजेतेपद लागण्याची शक्यता गुणांच्या रचनेनेच कमी केली होती. एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेतली गेली, आणि बहुधा ते जाणूनबुजून झाले नव्हते. व्यवहारात एकाच ट्रॅकवर दोन शर्यती चालू होत्या: पुढच्या पाच गाड्यांत शनिवारपुरती एक लढत, आणि मागच्या गाड्यांत हंगामभराचे विजेतेपद. लाउडा आणि श्टुक यांनी दोन्ही लढती एकत्र आणल्या, म्हणून मालिका हास्यास्पद ठरली नाही.

नियमित स्पर्धकांच्या बाजूने मात्र एक तक्रार उरतेच. ज्या खासगी संघाने स्वतःचा पैसा घालून गाडी घेतली, ज्याच्या चालकाने पात्रता फेरीत सर्वांना मागे टाकले, त्याला सहाव्या जागेवरून निघावे लागे. आणि पहिल्या वळणावर पुढच्या पाहुण्यांपैकी कोणी गाडी फिरवली तर ती दुरुस्त करायचा खर्च कारखान्याचा, पण मागून येऊन त्यात अडकलेल्या गाडीचा खर्च संघाचा. एकाच बनावटीच्या मालिकेत खर्च आटोक्यात राहतो असे म्हणतात ते खरे. पण धोका कोणी पत्करला आणि प्रसिद्धी कोणाला मिळाली, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो. पाच गाड्या शुक्रवारी चिठ्ठ्या टाकून वाटल्या असत्या आणि त्यांनाही पात्रता फेरीतून जावे लागले असते, तर चेहरे तेच राहिले असते आणि रांग तेवढी प्रामाणिक झाली असती. हा बदल फुकटात होण्याजोगा होता.

नंतर

१९८० मध्ये मालिका पुन्हा झाली. या वेळी सगळ्या शर्यती फॉर्म्युला वनच्या सावलीत नव्हत्या. डॉनिंग्टन, बर्लिनचा आव्हुस आणि न्यूरेंबर्गचा नोरिसरिंग अशी ठिकाणेही आली, जिथे शुक्रवारच्या फॉर्म्युला वन सरावाचा प्रश्नच नव्हता. विजेता पिके ठरला. रॉन डेनिस यांची प्रोजेक्ट फोर त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्लॅरेनमध्ये विलीन झाली, आणि पुढे १९८२ मध्ये लाउडा परतला तो डेनिस यांच्याच मॅक्लॅरेनमध्ये; या दोघांची गाठ प्रोकारच्या गॅरेजमध्ये पक्की झाली होती असे म्हणायला हरकत नाही.

ज्या मान्यतेसाठी हा सारा उपद्व्याप सुरू झाला होता ती ग्रुप ४ ची मान्यता एम१ ला १९८० संपता संपता मिळाली. तोपर्यंत नेअरपाश बीएमडब्ल्यू सोडून गेले होते आणि १९८२ पासून गाड्यांचे जुने गट मोडीत निघून नवे गट येणार हे ठरलेले होते. १९८१ मध्ये प्रोकार झाली नाही. खासगी संघांनी आपल्या गाड्या इतर मालिकांत उतरवल्या, आणि पाउल रोशे व त्यांचे सहकारी एव्हाना ब्रॅबमच्या फॉर्म्युला वन गाडीत बसवायच्या दीड लिटरच्या टर्बो इंजिनावर काम करत होते, ज्याच्या बळावर पिके १९८३ मध्ये विश्वविजेता झाला.